भाचीसाठी कादंबरी सुचवा: जुना काळ, प्रेम आणि थोडी भुताटकी (बजेट ४००)

गोदाकाठची_मावशी: भाचीला पुढच्या महिन्यात पंधरावं लागतंय. जुन्या काळात घडणारी, प्रेम असलेली आणि भुताखेतांचा नाहीतर जादूचा पदर असलेली कादंबरी हवी म्हणते. मराठी-इंग्रजी दोन्ही वाचते. बजेट ४०० रुपये. प्रेम असू दे, पण वयाला झेपेल इतपतच. नाशिकमध्येच दुकानात जाऊन, चाळून घेणार आहे.

सिडकोकर: डोळे झाकून 'राऊ' घ्या. बाजीराव-मस्तानीपुढे बाकी सगळं फिकं. दहावीच्या सुट्टीत वाचली तेव्हा मी जेवायलासुद्धा उठत नव्हतो.

रात्रीचा_वाचक: त्यात भूत कुठंय? ताईंनी काय विचारलंय ते वाचा आधी. 'क्लॉकवर्क एंजल' घ्या. १८७८ चं लंडन, रूप बदलता येणारी टेसा आणि तिच्यावर जीव जडलेले दोन जिवलग मित्र. तिन्ही भाग एकदमच घ्या, पहिला संपल्यावर दम निघत नाही. माझ्याकडे अख्खा संच हार्डबाउंड आहे, घरात कुणाला हात लावू देत नाही.

गोदाकाठची_मावशी: ४०० मध्ये तिन्ही बसतील?

रात्रीचा_वाचक: छे हो. पण पुस्तकाच्या बाबतीत पैसे बघू नयेत.

द्राक्षबागवाली: 'आउटलँडर' द्या. नायिका १९४५ मधून थेट १७४३ च्या स्कॉटलंडमध्ये जाते. चांगली जाडजूड आहे, पैसे वसूल.

निवृत्त_मास्तर: पंधराच्या मुलीला मुळीच नको. नायिका विवाहित परिचारिका, प्रसंग मोठ्यांसाठीचे, अत्याचारही बराच. त्यापेक्षा 'स्वामी' द्या. माधवराव-रमाबाईंचं नातं किती संयमानं रंगवलंय! शिवाय माधवरावांच्या आई गोपिकाबाई शेवटी आपल्याच आनंदवल्लीला राहायला आल्या होत्या.

पंचवटीकर: सर, गोपिकाबाई गंगापूरला. आनंदवल्ली राघोबादादा-आनंदीबाईंची.

निवृत्त_मास्तर: दोन्ही गंगापूर रोडलाच की.

पंचवटीकर: आणि रमाबाई सती जातात हो त्यात. वाढदिवसाला हे द्यायचं?

सिडकोकर: म्हणून म्हणतोय, 'राऊ'.

कॉलेजरोडवाला: कुठलंही घ्या, पण चोरून छापलेली नक्कल घेऊ नका. मी एका साइटवरून निम्म्या किमतीत संच मागवला. अक्षरं पुसट, मधली काही पानं उलटी चिकटवलेली, आणि बदलूनही दिला नाही. दुकानात एक पान उजेडात धरा. मागची छपाई आरपार दिसली, वाचता वाचता डोळे ताणावे लागले, तर सरळ ठेवून द्या.

गोदाकाठची_मावशी: घेतली एकदाची. कोणीच सुचवली नव्हती ती, लिब्बा ब्रे यांची 'अ ग्रेट अँड टेरिबल ब्यूटी'. पान उजेडात धरून बघितलं, छपाई स्वच्छ आहे, बजेटमध्येही बसली. १८९५ साल, जेमा मुंबईत वाढलेली. सोळाव्या वाढदिवशी ती बाजारात असताना तिला आईचा मृत्यू डोळ्यांसमोर दिसतो आणि तो खराही ठरतो. मग तिची रवानगी विलायतेतल्या मुलींच्या शाळेत. तिथे दुसऱ्या जगाचं दार आणि तिच्या मागावर असलेला कार्तिक. हिंदुस्थानी मुलगा गोष्टीच्या केंद्रस्थानी बघून मला फार बरं वाटलं. आईचा प्रसंग मात्र हलका नाही, म्हणून आधी मी पूर्ण वाचणार, मगच बांधून देणार.

रात्रीचा_वाचक: तिचेही तीन भाग आहेत. दुसरा 'रेबेल एंजल्स', त्याच दुकानात दिसला तर आत्ताच उचला. नंतर मुखपृष्ठ बदललं की संच जुळत नाही.