मदत हवी आहे: खुंबूतील लघुजलविद्युत आणि हिवाळ्यातले पाणी

नमस्कार. नेपाळमधील खुंबू भागात शेर्पांच्या गावांना वीज देणाऱ्या छोट्या जलविद्युत केंद्रांविषयी मी एका मासिकासाठी लेख लिहीत आहे. त्यातील एका तांत्रिक भागापाशी माझे अडले आहे, म्हणून जाणकारांना विचारत आहे.

4 ऑगस्ट 1985 रोजी दिग त्शो हे हिमसरोवर फुटले आणि थामेजवळचे जवळजवळ पूर्ण झालेले केंद्र पुरात वाहून गेले. त्यानंतर ऑस्ट्रियाच्या मदतीने तिथे सुमारे 600 किलोवॉटचे केंद्र नव्याने उभारण्यात आले. हा इतिहास मला नीट मांडता येतो. अडचण आकडेमोडीची आहे.

सेकंदाला 20 लिटर पाणी 50 मीटर उंचीवरून पाइपाने खाली आणले, तर हिशेबाने साधारण 9.8 किलोवॉट मिळतात, पण टर्बाइन, जनित्र आणि पाइपातील घर्षण यांचा तोटा वजा केला की हाती निम्म्याच्या आसपासच उरतात. हिवाळ्यात ओढा आटतो, कालव्यावर बर्फ धरते आणि नेमक्या त्याच दिवसांत गावाला उबेसाठी व स्वयंपाकासाठी विजेची गरज सर्वाधिक असते. अशा वेळी संध्याकाळचा भार कसा वाटून देतात? घरटी वॉटची मर्यादा घालतात, की रात्रभर टाकीत पाणी साठवतात? रात्री सगळे झोपल्यावर उरलेली वीज भार-नियंत्रकाकरवी (वापर घटला की जास्तीची वीज दुसरीकडे वळवणाऱ्या उपकरणाकरवी) पाणी तापवण्यात घालवतात, हे मला ठाऊक आहे.

सह्याद्रीत किंवा हिमालयात असे केंद्र प्रत्यक्ष चालवलेल्या कोणी आपला अनुभव सांगितल्यास मी आभारी राहीन. ‘पेनस्टॉक’साठी, म्हणजे उंचावरून टर्बाइनपर्यंत पाणी आणणाऱ्या पाइपासाठी, रुळलेला मराठी शब्द असेल, तर तोही कृपया सुचवावा.