विषय: शाळा बंद आहे, मुलांच्या अभ्यासाचं काय करायचं?

सप्रेम नमस्कार,

आमच्या भागातल्या शाळा परत बंद झाल्या आहेत आणि कधी उघडतील हे कुणीच नक्की सांगत नाही. धाकटी तिसरीत, थोरला नववीत. शाळेकडून रोज वर्कशीटचा ढीग येतो. आम्ही दोघंही नोकरी करतो. संध्याकाळी तो ढीग उपसायला बसलं की मुलं रडकुंडीला येतात आणि आम्हीही. धाकटी तर वाचायचं नाव काढलं की उठून जाते. सगळं करून घ्यायचं, की काही सोडून द्यायचं? सोडायचं तर काय? मंडळात शिक्षकी पेशातली बरीच मंडळी आहेत, म्हणून विचारते.

– दोन मुलांची आई

---

ताई, नमस्कार.

मी आयुष्यभर गणित शिकवलं, तेव्हा स्पष्टच लिहितो. बरंच काही सोडून द्या. रोज थोडं वाचन आणि थोडं गणित, एवढं मात्र सोडू नका. इतिहासाचा राहिलेला धडा मूल पुढे दोन दिवसांत वाचून काढतं. वाचायची सवय मोडली तर मात्र सगळेच विषय अडतात, आणि गणितात मधलं काही निसटलं तर पुढचं काही केल्या उमगत नाही.

2020 मध्ये नेदरलँड्समध्ये शाळा जेमतेम आठ आठवडे बंद होत्या. देश सधन, घरोघरी इंटरनेट. तरीही प्राथमिकच्या मुलांच्या बंदच्या आधीच्या आणि नंतरच्या चाचण्या ताडून पाहिल्या, तेव्हा सरासरी मूल घरी जवळजवळ काहीच नवं शिकलं नव्हतं असं दिसलं. म्हणून मुलांची गाडी अडली तर त्यांना आळशी म्हणू नका.

मला खरी काळजी शाळा उघडल्यानंतरची वाटते. 2005 च्या काश्मीरच्या भूकंपानंतर पाकिस्तानातल्या त्या भागात शाळा सरासरी 14 आठवडे बंद होत्या. चार वर्षांनी संशोधकांनी मुलांची चाचणी घेतली. घरं पुन्हा उभी राहिली होती, मुलं शाळेत जात होती, पण भ्रंशरेषेजवळ, म्हणजे भूकंपात जमीन जिथे फाटून सरकली त्या रेषेजवळ राहणारी मुलं अभ्यासात दीड ते दोन वर्षं मागे होती. बुडाले काही आठवडे आणि नुकसान झालं वर्षांचं! याचा मला पटणारा अर्थ असा, की शाळा उघडल्यावर वर्ग अभ्यासक्रमाच्या मागे धावत सुटला आणि ज्यांचं मधलं राहिलं होतं ती मुलं रोज थोडी थोडी मागे पडत गेली. याच पाहणीतली आणखी एक गोष्ट तुम्हाला आवर्जून सांगतो. ज्यांची आई निदान प्राथमिक शाळा शिकलेली होती, त्या मुलांच्या अभ्यासात अशी घट दिसली नाही. नुसतं प्राथमिक शिक्षण! तेव्हा घरात शिक्षक नाही म्हणून हातपाय गाळू नका.

थोरल्याचं नेमकं कुठे अडतंय ते आधी बघा. गेल्या वर्षी एका नववीतल्या मुलाने माझ्यासमोर क्ष/3 + क्ष/4 = 7 हे समीकरण घेतलं आणि खाली लिहिलं 2क्ष/7 = 7. घरच्यांचा समज, बीजगणित कच्चं आहे. बीजगणित ठीक होतं, अपूर्णांकांची बेरीज कच्ची होती. छेद सारखे करायचे असतात हे हातात बसेपर्यंत आम्ही नववीचं पुस्तक मिटून ठेवलं. मग 7क्ष/12 = 7 आणि क्ष = 12 हे त्याने स्वतःच काढलं. इयत्ता कोणतीही असो, जिथे अडलंय तिथून सुरुवात करा.

आणि धडा पुन्हा पुन्हा वाचायला लावू नका. वाचून झालं की पुस्तक मिटून आठवेल ते सांगायला लावा. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये हेच तपासलं होतं. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणारे. धाकटीला गोष्ट वाचू द्या आणि फोनवर आजीला सांगू द्या. मराठीतून सांगितली तरी चालेल, समजलं की नाही ते तेवढ्यात कळतं.

– निवृत्त गणित शिक्षक

---

सर, लहानांच्या बाबतीत तुमचं पटलं. दहावी-बारावीच्या मुलांचं काय? माझ्या मुलीची परीक्षा तोंडावर आहे. तिला इतर विषय सोडून दे असं मी कुठल्या तोंडाने सांगू?

– एक पालक

---

परीक्षेचं वर्ष असेल तर सोडून चालणार नाही, हे खरं. मी या वयाच्या मुलांसोबतच काम करते म्हणून लिहिते. शाळेला मेल करून एवढंच विचारा: वर्गात काय शिकवून झालंय, काय राहिलंय, आणि राहिलेल्यापैकी परीक्षेला काय येणार आहे? हे लेखी मागा. मग तिला जुन्या प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडवू द्या. चुकलेले प्रश्न एका वहीत, आणि तेच दोन-चार दिवसांनी परत. झोपेची वेळ मात्र बिघडू देऊ नका. रात्री दोनपर्यंत जागणारं मूल सकाळी पुस्तक उघडून नुसतं बसतं.

एक भर घालते. बोत्स्वानात 2020 मध्ये शाळा बंद असताना काही घरांत साध्या एसएमएसवर गणितं पाठवली, तर काही घरांत त्याच्या जोडीला आठवड्यातून एकदा शिक्षकाचा सुमारे वीस मिनिटांचा फोन. मुलांच्या गणितात ठळक फरक पडला तो फोन आलेल्या घरांत. ना व्हिडिओ, ना ॲप. पलीकडून कुणीतरी "कसं काढलंस?" असं विचारणारं माणूस होतं. आपल्या मंडळात एवढी माणसं आहेत, आपल्याला हे सहज जमेल.

– माध्यमिक शिक्षिका

---

सर, ताई, मनापासून आभार. आज वर्कशीटचा ढीग बाजूला ठेवला आणि धाकटीने आजीला फोनवर गोष्ट सांगितली, मध्ये दोनदा विसरली तरी शेवटपर्यंत नेली. थोरल्याला सरांचं समीकरण दिलं. त्यानेही 2क्ष/7 च लिहिलं! उद्यापासून अपूर्णांक.

फोनची कल्पना मला फार आवडली. मी स्वतः शनिवारी सकाळी तिसरी-चौथीच्या दोन मुलांना फोन करू शकेन. सर, तुम्ही मोठ्यांचं गणित घ्याल का? ज्यांच्या मुलांना असा फोन हवा आहे त्यांनी मुलाची इयत्ता आणि कुठे अडतंय एवढं मला वेगळ्या मेलने कळवा. यादी मी करते. शाळा उघडल्यावरही निदान सत्र संपेपर्यंत फोन चालू ठेवू या.

– दोन मुलांची आई

---

घेतो. आठवी ते दहावीची मुलं माझ्याकडे द्या. पहिल्या फोनच्या आधी प्रत्येकाने एक चुकलेलं गणित खाडाखोड न करता फोटो काढून पाठवावं.

– निवृत्त गणित शिक्षक