सेंद्रिय कापसाचा शिक्का नेमका कोणाच्या हातात?

मांडणी : कापूस उत्पादक, मानवत तालुका

कपड्यावरचा ‘सेंद्रिय’ हा शिक्का ज्या कागदावर उभा असतो, तो कागद शेतकऱ्याच्या नावे नसेल तर आम्ही या वाटेला का जावे, असा माझा रोखठोक प्रश्न आहे. राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाच्या नियमांप्रमाणे हंगामी पिकांसाठी पेरणीपूर्वीची दोन वर्षे रूपांतराची धरतात. त्या दोन वर्षांत मी रासायनिक खते आणि औषधे बंद केली, बीटी (जनुकीय बदल केलेले) बियाणे सोडले, उतारा घटला, आणि मोंढ्यात भाव मात्र साध्या कापसाचाच मिळाला. तिसऱ्या वर्षी प्रमाणपत्र आले ते आम्हा शेतकऱ्यांचा गट चालवणाऱ्या व्यापाऱ्याच्या नावाने. त्याचा दर पटला नाही म्हणून मी दुसरीकडे चौकशी केली, तेव्हा कळले की त्याच्याशिवाय माझा कापूस सेंद्रिय म्हणून विकताच येत नाही. शेवटी तो साध्या भावानेच गेला. नंतर माझ्या शेताची नोंदवही पाहिली, तर मी कधीही न केलेल्या दशपर्णी (झाडपाल्याच्या) अर्काच्या फवारण्या एकाच शाईने, एकाच हाताने, ओळीने भरलेल्या होत्या. खाली सही माझी होती. कोऱ्या पानांवर ती मीच करून दिली होती, हे मी नाकारत नाही. पण अशा वहीवर लंडन-पॅरिसचा ग्राहक विश्वास ठेवतो, ही गोष्ट मला रात्री झोपू देत नाही.

प्रतिसाद : सूतगिरणीत कापूस खरेदी पाहणारा, जालना

दादा, आपल्यावर अन्याय झाला हे मान्य. परंतु त्यावरून प्रमाणीकरणच निरुपयोगी ठरवणे मला पटत नाही. सरकी काढल्यावर रुईची गाठ बांधली की ती सेंद्रिय आहे की नाही, हे डोळ्यांनी कोणालाही सांगता येत नाही. त्यामुळे जिनिंगपासून शिलाईपर्यंत प्रत्येक विक्रीला वजनासह व्यवहार प्रमाणपत्र लागते आणि ही वजने एकमेकांशी ताडून पाहता येतात. २०२० साली जीओटीएस या सेंद्रिय कापडाच्या जागतिक मानकाच्या संस्थेने भारतातील सुमारे २०,००० टन कापूस खोट्या कागदपत्रांवर सेंद्रिय ठरवला गेल्याचे उघड केले आणि ११ कंपन्यांवर बंदी घातली. कागदांची साखळी होती म्हणूनच ती चोरी पकडता आली. शिवाय २७ सप्टेंबर २०२६ पासून युरोपीय संघात ‘पर्यावरणपूरक’ असा मोघम दावा पुराव्याशिवाय करता येणार नाही. दाखला नसलेल्या कापसाला त्या बाजारात सेंद्रिय म्हणून दारच उरणार नाही.

प्रतिसाद : बालकपड्यांची विक्रेती, छत्रपती संभाजीनगर

ग्राहकाच्या बाजूने एवढेच सांगते. परवा एका आजींनी झबल्यावरचे ‘ओको-टेक्स स्टँडर्ड १००’चे लेबल दाखवून ‘हा सेंद्रिय आहे ना?’ असे विचारले. ते लेबल तयार कापडातील घातक रसायनांची तपासणी झाल्याचे सांगते. कापूस कसा पिकवला याच्याशी त्याचा संबंध नाही. जीओटीएसमध्येही ९५ टक्के सेंद्रिय धागा आणि ७० टक्के सेंद्रिय धागा अशा दोन वेगळ्या श्रेण्या आहेत. दुकानात उभ्या असलेल्या माणसाने यातले काय काय ओळखावे?

प्रतिसाद : कृषी पदवीधर, परभणी

वही आणि शिक्का यांच्याआधी बियाण्याचे बोलायला हवे. २००२ मध्ये बीटीला परवानगी मिळाल्यापासून बिगर-बीटी अमेरिकन कापसाचे चांगले बियाणे दुकानात मिळणेच दुर्मीळ झाले, आणि शेजारच्या शेतातून होणाऱ्या परागीकरणाची धास्ती वेगळीच. या दोन्हींवर उत्तर आपल्या दारात आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाने देशी कापसाचे लांब धाग्याचे वाण विकसित केले आहेत. देशी कापसात गुणसूत्रांच्या १३ जोड्या असतात, अमेरिकन कापसात २६. त्यामुळे बीटी शेत बांधाला लागून असले तरी संकर सहजासहजी होत नाही. हे वाण रसशोषक किडींना आणि पाण्याच्या ताणालाही चांगले तोंड देतात. बोंडे लहान असतात आणि वेचणी लांबली तर कापूस गळून पडतो, ही अडचण मात्र खरी आहे.

उत्तर : कापूस उत्पादक, मानवत तालुका

जालन्याच्या भाऊंनी पकडलेल्या चोरीचा दाखला दिला, पण आमच्या वहीतल्या खोट्या फवारण्या कोणी पकडल्या? साखळी वजन मोजते. शेतकऱ्याच्या पदरी काय पडले, हे ती विचारत नाही. जीओटीएसची तपासणी जिनिंगपासून पुढे सुरू होते आणि शेतकऱ्याला किती भाव द्यावा हे ते मानक ठरवत नाही. फेअरट्रेड या न्याय्य व्यापाराच्या मानकात कापसाला किमान दर ठरवलेला असतो, म्हणजे ही गोष्ट अशक्य नाही.

प्रतिसाद : सूतगिरणीत कापूस खरेदी पाहणारा, जालना

भावाचा मुद्दा मी मान्य करतो. मात्र जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या आठव्या आवृत्तीत उत्पादक गटांनाच कायदेशीर दर्जा देण्याची तरतूद आहे. आपला गट नोंदवून घ्या. मग प्रमाणपत्र व्यापाऱ्याच्या कपाटात राहणार नाही.

उत्तर : कापूस उत्पादक, मानवत तालुका

गट नोंदवायला आम्ही तयार आहोत. तपासणीचा वार्षिक खर्च कापूस विकण्याआधी कोठून भरायचा, एवढे अजून ठरलेले नाही. आपली गिरणी खरेदीचा करार करून आगाऊ रक्कम देणार असेल तर तसे सांगावे. येत्या खरिपात दोन एकरांवर देशी वाण लावतो आहे. नोंदवही या वेळी मी स्वतः, त्या त्या दिवशी भरणार आहे.