चौघांनी मिळून 'तू'च्या गोष्टी लिहिल्या तर वाचक वाढतील का?

सुताचा_गुंडा

नमस्कार. मी इचलकरंजीत एका सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्यात, हिशेब बघते आणि रात्री भांडी झाली की ट्वाइन नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये गोष्टी लिहिते. वाचणाऱ्यानंच पुढचं ठरवायचं, तशा गोष्टी.

आठ महिने खपून 'रातपाळी' पूर्ण केली. मागांच्या शेडमध्ये दीड वाजता लाईट जाते. ज्यांचा जन्म खडखडाटात गेला त्यांना ती शांतताच दचकवते. आता तू काय करणार? जॉबरला (मागांवरच्या मुकादमाला) उठवणार, गेटवर चहाला सटकणार, की शेवटच्या मागापाशी कोण खोकलं ते बघणार? ५८ पानं, ६ शेवट.

वाचक ४१. त्यातले १४ माहेरच्या ग्रुपवरचे. आमच्या काकूंनी पहिलं पान वाचून कळवलं, "छान आहे गं, पुढचा भाग कधी?" निळ्या अक्षरांवर बोट ठेवायचं असतं हे त्यांना कळलंच नाही!

माझ्यासारखे आणखी तिघं सापडलेत. एक नाशिकचे, एक मडगावची, एक पुण्यात शिकणारा मुलगा. प्रत्येकाचे वाचक तीस-चाळीस. एकत्र यावं असं सगळ्यांनाच वाटतं, पण नेमकं करायचं काय? गट काढला की पहिला महिना नाव आणि लोगो ठरवण्यात जातो, हे मी भिशीपासून बघत आलेय. कुणी हे केलंय का?

पारावरचा

केलंय आणि बुडवलंय. आम्ही पाच जण होतो. कुणी गोष्ट टाकली की बाकीचे चार "अप्रतिम, पुलेशु" (पुढील लेखनास शुभेच्छा) लिहून मोकळे. सहा महिन्यांनी कळलं की माझ्या गोष्टीतल्या विहिरीच्या वाटेवर एक दुवा तुटलेला होता. वाचक विहिरीपाशी गेला की तिथेच अडकायचा. चौघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही, कारण विहिरीपर्यंत कुणी पोचलंच नव्हतं.

त्यामुळे पहिलं काम म्हणजे एकमेकांच्या गोष्टी खेळायच्या, आणि त्याही लेखकाच्या देखत. फोनची स्क्रीन शेअर करा, खेळणाऱ्यानं मनात येईल ते मोठ्यानं बोलायचं. लेखकानं तोंडाला कुलूप लावायचं. "अहो, तिथे ना…" असं म्हणायची सुरसुरी येते, ती दाबायची. तुमच्या काकूंसारखा माणूस पहिल्याच दिवशी समोर बसला असता तर पहिल्या पानावर एक ओळ वाढवून काम झालं असतं.

दुसरं वाचकांचं. आम्ही प्रत्येक गोष्टीच्या तळाशी पाचही जणांची यादी लावली होती. त्या यादीला कुणी हात लावला नाही. पुढे मी एकट्यानं यादी काढून शेवटच्या पानावर एकाच गोष्टीचा दुवा ठेवला, आणि तो का ठेवला ते एका वाक्यात लिहिलं. तिकडे माणसं गेली. किती ते मोजलं नाही, पण त्या लेखिकेचा फोन आला, "अचानक कुठून आले हे लोक?"

पाय_मोडका_एकार

गुंडाताई, 'रातपाळी' वाचली. खोकल्याचा प्रसंग झकास. पण मी बाई आहे आणि तुम्ही मला पानोपानी "तू आत गेलास", "तू थबकलास" म्हणताय! इंग्रजीत हा पेच पडत नाही. आपल्याकडे क्रियापद लगेच चुगली करतं.

यावर माझी वही आहे, ती गटाला देईन. थोडक्यात सांगते. "तू दार उघडलंस", "तू दिवा लावलास", "तू खिडकी ढकललीस" यात क्रियापद दाराच्या, दिव्याच्या, खिडकीच्या मागे जातं, वाचणारा कुणीही असो. "तुला ऐकू येतं", "तुझा पाय अडखळतो" हेही चालतं. भविष्यकाळात "जाशील" सगळ्यांना सारखंच. फसवी क्रियापदं वेगळी, त्यांत कर्म असूनही वाचणाऱ्याचं लिंग डोकावतं: विसरणं, शिकणं, पिणं. "किल्ली विसरलास"ऐवजी "किल्ली घरीच राहिली" लिहा. उगाच पहिल्या पानावर 'तुम्ही स्त्री की पुरुष?' विचारून पुढे प्रत्येक वाक्याला दोन फाटे फोडण्यापेक्षा हे बरं. अर्थात 'तू' म्हणजे ठरलेलं एक पात्रच असेल तर बिनधास्त "गेलास" लिहा, पण मग पहिल्या परिच्छेदातच त्याला मिशी द्या.

धुक्यातली_गाडी

न्यू जर्सीतून लिहितोय. इकडे इंग्रजीत अशा गोष्टी लिहिणाऱ्यांची इंटरॅक्टिव्ह फिक्शन कॉम्पिटिशन १९९५ पासून दरवर्षी चालते. परीक्षक म्हणजे साधे वाचकच. अट एवढीच की निदान पाच गोष्टींना गुण द्यायचे. मला त्यातली मेख आवडते. एका ओळखीच्या नावासाठी आलेला माणूस आणखी चार अनोळखी नावं वाचून जातो. आपले दिवाळी अंक दुसरं काय करतात?

२०१८ साली तर ऐंशीहून जास्त लेखकांनी मिळून 'क्रॅग्नी मॅनर' नावाचा एक भुताटकीचा खेळ रचला. प्रत्येकाकडे एक जागा. शेजाऱ्यानं काय लिहिलंय ते माहीत नाही. सगळं जोडायचं काम संयोजकांच्या गळ्यात. ते धाडस तुम्ही करू नका, चौघांची अवजारंही वेगळी असतील. पण एक वाडा किंवा एक चाळ आणि एकच रात्र ठरवून चौघांनी चार स्वतंत्र गोष्टी लिहायला काय हरकत आहे? फायली जोडायची गरजच नाही. एका गोष्टीच्या शेवटी वाचकाला एक शब्द मिळू दे, तो दुसऱ्या गोष्टीत टाइप केला की तिथलं एक दार उघडेल. परवलीच्या शब्दाची जुनीच युक्ती आहे.

सुताचा_गुंडा

सगळ्यांचे आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, मार्च अखेर होती.

पारावरचे काका, तुमचं ऐकून रविवारी काकूंनाच समोर बसवलं. मी तोंडात पदराचा बोळा घालायचा काय तो बाकी होता. त्या चौथ्या पानावर पाच मिनिटं थांबल्या. मला वाटलं, कंटाळल्या. तर म्हणाल्या, "जॉबरला उठवलं तर तो शिव्या देईल, आणि चहाला गेलं तर पगार कापतील. जरा थांब, विचार करू दे." आठ महिन्यांत मिळालेली ही सगळ्यात मोठी दाद. पुढे दोन मेलेले दुवे त्यांनीच काढून दिले.

पाय मोडका एकार, "गेलास" मोजले. ३७ निघाले. २९ उडवले, आठ हटून बसलेत. वही पाठवाच.

आम्हा चौघांचं ठरलंय. लोगो नाही. दर दुसऱ्या शनिवारी एकाची गोष्ट, बाकी तिघं देखत खेळणार. मडगावची चित्रं काढते आणि मला रेनपाय (चित्रांसकट अशा गोष्टी रचायचं सॉफ्टवेअर) शिकवणार आहे. मी तिला हिशेब शिकवणार आहे, म्हणजे कुठल्या पानावर वाचकाच्या खिशात किती पैसे उरले ते चुकू न देणं. तिच्या गोष्टीत एक माणूस दोनशे रुपये घेऊन निघतो आणि तीनशेचं जेवतो. चाळही ठरली, रात्रही. फक्त पुण्याचा मुलगा 'भूत माझ्याच खोलीत हवं' म्हणून अडून बसलाय.

आणि हो, ट्वाइन ब्राउझरमध्ये वापरणाऱ्यांनी रोज फाइल उतरवून ठेवा. सगळं त्या ब्राउझरच्याच पोटात असतं. भाच्यानं परवा "आत्या, फोन हळू झालाय" म्हणून माझा ब्राउझर साफ करून दिला. 'रातपाळी'ची प्रत होती. चाळीतल्या माझ्या खोलीची नव्हती. अकरा पानं पुन्हा लिहितेय, आणि या वेळी एकही "गेलास" नाही.