संगीत नाटकाची टर उडवायची तर पब्लिकला मूळ नाटक माहीत पाहिजे का?

रंकाळाकाठ: मंडळी, आमच्या तालमीच्या पोरांनी औंदा गणपतीत अर्ध्या तासाचं बर्लेस्क टाईप काहीतरी करायचं ठरवलंय, म्हणजे जुन्या संगीत नाटकाची फुल्ल टर. हिरोच्या छातीत खंजीर घुसलाय तरी गडी ताना मारतोय, वन्स मोअर आला की मेलेला परत उठतोय, असलं सगळं. लिहिताना आम्ही लोळून हसलो पण कॉलेजच्या पोरांपुढं वाचलं तर सगळी ढिम्म, त्यांनी संगीत नाटक बघितलेलंच न्हाई. संगीत नाटक गाजवलेल्या केशवराव भोसल्यांच्या कोल्हापुरात ही गत. वर एक काका म्हणतात बर्लेस्क म्हणजे कपडे काढायचा नाच, मंडळाची अब्रू घालवू नका. परदेशात ह्याचं कसं झालं?

जुना_प्रॉम्प्टर: काकांना सांगा ते लई नंतरचं, अमेरिकेतलं. १८६८ ला लिडिया थॉम्पसन लंडनहून न्यूयॉर्कला कंपनी घेऊन गेली, नाटकात ग्रीक देवांची खिल्ली होती पण बायका पुरुषी भूमिकेत घट्ट विजारी घालून उभ्या, बोंब झाली ती त्यावर. पुढं विनोद मागं पडत गेला, कपडे उतरवणं तेवढं राहिलं आणि १९३७ ला न्यूयॉर्कमध्ये त्या थिएटरांची लायसन्सच रोखली. लंडनात मात्र त्याच १८६८ मध्ये गेइटी थिएटर उघडलं तेच नाटककार गिल्बर्टनं केलेल्या एका ऑपेराच्या, म्हणजे तिकडच्या संगीत नाटकाच्या, विडंबनानं.

पेठेतला_वाचक: भावा, तुझ्या अडचणीवर जॉन गेचं 'बेगर्स ऑपेरा' बघ, १७२८ चं. लंडनात तेव्हा इटालियन ऑपेराचं फॅड, भाषा कळो न कळो. ह्यानं राजे-वीर काढून चोर, दलाल, वेश्या आणल्या आणि चाली घेतल्या रस्त्यावरच्या, सगळ्यांच्या तोंडातल्या, शब्द फक्त नवीन. संगीतकार हँडेलच्या 'रिनाल्दो' ऑपेरातली मार्चची, म्हणजे लष्करी कूच करायची, चाल सरळ वाटमाऱ्यांच्या तोंडी दिली. शेवटी नायकाला फाशी व्हायची, पण ऑपेरा गोड संपला पाहिजे म्हणून तो सुटतो! हे हसायला ऑपेरा बघायची गरजच न्हाई. पहिल्याच सीझनला ६२ प्रयोग. त्यात पंतप्रधान वॉलपोललाही टोले होते, म्हणून गेच्या पुढच्या नाटकावर बंदी आली. ह्यावरनंच जर्मन नाटककार ब्रेख्तनं १९२८ ला नाटक केलं आणि त्यावरनं पुलंनी १९७८ ला 'तीन पैशाचा तमाशा' केला. तोवर इटालियन ऑपेरा कुणाच्या गावी होता? चोर-पोलिसांचं साटंलोटं तेवढं उरलं, आणि तेवढ्यावर चाललं की.

सुरपेटी: चाललं, पण मग ते विडंबन राहिलं कुठं, वेगळंच नाटक झालं ते. अत्र्यांच्या 'झेंडूची फुले' ह्या विडंबन-कवितांत रविकिरण मंडळाची, म्हणजे त्या काळच्या कवींच्या गटाची, कविता माहीत असलेला जसा हसतो तसा नुसता वाचणारा हसत न्हाई. मोझार्टनं १७८७ मध्ये 'म्युझिकल जोक' म्हणून मुद्दाम अडाणी संगीतकाराची नक्कल लिहिली, शेवटी सगळी वाद्यं वेगवेगळ्या सुरांत वाजतात तिथं पोरगंसुद्धा हसेल, पण मधल्या खोड्या वाजवणाऱ्यालाच कळतात. आपल्या गवळणीत मावशी आणि पेंद्या चालतात कारण कृष्ण सगळ्यांना पाठ आहे. तुम्ही आधी एक पद खरंच चांगलं म्हणून दाखवा, अजिबात टवाळी न करता, पब्लिकच्या कानात बसू दे, मग मोडा.

रंकाळाकाठ: आयडिया भारी हाय. आमच्या गल्लीतले पेटीवाले आजोबा तयार झालेत, पण पद पंधरा मिनिटांच्या खाली आणायला तयार न्हाईत. आता अर्ध्या तासात बसवायचं कसं?