पुरात बुडालेली गाडी आणि अडीचचा कंडेन्सर

घरच्या घरी दुरुस्ती करत बसण्यापेक्षा, वेळेचा हिशेब धरला तर मेकॅनिककडे देणंच परवडतं, असं काहीजण म्हणतात. परवडत असेलही, पण मेकॅनिक मिळायला तर हवा! आम्ही सांगलीकर. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेनं ५७ फूट ओलांडले, आणि पाणी ओसरल्यावर प्रत्येक गॅरेजबाहेर दुचाक्यांची ही रांग. मग काय, बसलो पाना घेऊन.

बुडालेल्या गाडीला आधी किक मारायची नाही. सिलिंडरमध्ये पाणी असलं तर ते दबत नाही, पिस्टनला जोडलेला दांडा (कनेक्टिंग रॉड) वाकतो. स्पार्क प्लग काढला, इंजिनखालचा ऑइल काढायचा ड्रेन नट सोडला, तर बाहेर आला दूध जास्त झालेल्या चहासारखा ऑइल-पाण्याचा रबडा. स्वस्तातलं ऑइल भरायचं, प्लग न लावता किक मारत राहायचं, परत काढायचं; रंग निवळेपर्यंत हेच. पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरच्या वाटीत नदीचा गाळ बसलेला, तो पेट्रोलनं धुतला. अखेर इंजिन धडधडलं तेव्हा शेजारचे काका गॅलरीतून ओरडले, "आमचीबी बघतोस का रं?" ही पावती कुठलं गॅरेज देणार?

त्यापुढं घरातली कामं म्हणजे पोरखेळ. पंखा मंद फिरतोय? बहुतेक वेळा पंख्याच्या मोटरला फिरायला मदत करणारा छोटा भाग, म्हणजे अडीच मायक्रोफॅरडचा कंडेन्सर, गेलेला असतो. मेन स्विच बंद करून तसाच नवा बसवा. नळाला गळती रोखणारी टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेनंच गुंडाळा, उलटी गुंडाळली की घट्ट करताना सुटते.

गॅस आणि गिझरला मात्र मी हात लावत नाही, तिथं सरळ माणूस बोलावतो.