ड्रॉप_कॅशेस करूनही बफर_हेड मोकळे होत नाहीत

प्रश्न – ब्लॉकवाला
सरावासाठी लिनक्सवर एक लहानशी फाइल सिस्टीम लिहीत आहे. ब्लॉक १०२४ बाइटांचा असून डिरेक्टरीतले नाव शोधताना प्रत्येक ब्लॉक मी एसबी_ब्रेडने (डिस्कवरचा ब्लॉक मेमरीतल्या बफरमध्ये आणणारे कर्नलचे फंक्शन) वाचतो. हजारेक डिरेक्टऱ्या फिरून आल्यावर स्लॅबटॉपमध्ये (कर्नलची मेमरी कशात गुंतली ते दाखवणारे साधन) बफर_हेडचा (प्रत्येक बफरची माहिती ठेवणारी रचना) आकडा चढतो आणि ड्रॉप_कॅशेसमध्ये (कॅशे रिकामा करायला सांगणारी कर्नलची फाइल) ३ लिहूनही फारसा उतरत नाही. त्याच डिरेक्टऱ्या पुन्हा फिरल्यास मात्र तो वाढत नाही, आणि केमेमलीकही (बेवारस मेमरी शोधणारे कर्नलचे साधन) गप्प आहे. ही गळती समजावी की कर्नलने राखलेला कॅशे? नाव सापडले की फंक्शन त्या नोंदीचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) परत करते. न सापडल्यास पुढचा ब्लॉक वाचण्याआधी ब्रेल्स (बफर सोडून देणारे फंक्शन) होते.

उत्तर – जुना_पॅचकरी
गळतीच आहे, आणि ती तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांत आहे. एसबी_ब्रेड यशस्वी झाले की त्या बफरचा बी_काउंट (तो किती जणांनी धरला आहे त्याची मोजणी) एकाने वाढतो. नाव सापडल्यावर तुम्ही ब्रेल्स न करताच बाहेर पडता, त्यामुळे तो उतरत नाही. ४०९६ बाइटांच्या पानात (कर्नल मेमरी ज्या तुकड्यांत हाताळतो त्यांपैकी एक) तुमचे चार ब्लॉक बसतात आणि त्यांपैकी एकाचा जरी काउंट शिल्लक असला, तरी कर्नल ते अख्खे पान आणि चारही बफर_हेड सोडत नाही. तीच डिरेक्टरी पुन्हा फिरल्यास जुनाच बफर हाती येतो, म्हणून बफर_हेडची संख्या तेवढीच राहते, फुगतो तो फक्त काउंट. पानाकडून त्या बफरकडे जाणारा पॉइंटर शाबूत असल्याने केमेमलीकच्या दृष्टीने तो बेवारस नाहीच. प्रत्येक सीपीयू अलीकडचे १६ बफर स्वतःजवळ धरून ठेवतो खरा, पण त्याने एवढा आकडा अडत नाही.

ब्लॉकवाला
परत फिरण्याआधी ब्रेल्स घातले. आकडा उतरला, पण आता अधूनमधून आयनोड क्रमांक (फाइलची ओळख सांगणारा आकडा) भलताच येतो. शिवाय मोकळाच असलेला बफर पुन्हा सोडला जात असल्याची ताकीद लॉगमध्ये दिसते, आणि तिच्या स्टॅक ट्रेसमध्ये (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले त्याची यादी) माझे एकही फंक्शन नाही.

उत्तर – जुना_पॅचकरी
नोंदीचा पॉइंटर त्या बफरच्या बी_डेटामध्येच (बफरमधला प्रत्यक्ष मजकूर) रोखलेला असतो. ब्रेल्सनंतर तो वाचणे म्हणजे खोली सोडल्यावर तिथल्या कपाटात हात घालणे होय. एक्स्ट४ या लिनक्सच्या फाइल सिस्टीममध्ये शोधणारे फंक्शन बफर_हेडच परत देते आणि बोलावणारा आधी आयनोड क्रमांक उतरवून घेऊन मग ब्रेल्स करतो. तोच करार तुम्हीही पाळा.

ताकीद बहुधा दुहेरी ब्रेल्सची आहे: एक लूपमध्ये, दुसरे चूक झाल्यावर जिथे उडी मारता त्या लेबलापाशी. काउंट आधीच शून्य असेल तरच ताकीद उमटते. तो बफर सीपीयूच्या त्या १६ बफरांच्या यादीने धरलेला असेल, तर तुमचे जादा ब्रेल्स यादीचा हक्क गुपचूप खर्च करते आणि बोंब नंतर, यादीतून तो बफर बाहेर पडताना होते. म्हणून ट्रेसमध्ये तुमचे नाव नाही. लूपमध्ये सोडल्यावर बफरचा पॉइंटर लगेच नल (कुठेच न रोखलेला) करा. ब्रेल्सला नल चालतो, त्यामुळे लेबलापाशी वेगळी अट घालावी लागणार नाही.